माइल्ड आहे, पण ड्रममधलं नाही! डिशवॉश-हँडवॉशच्या धंद्यात उतरण्याआधी हे वाचा



आपल्या ट्रेनिंग बॅचमध्ये प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. पहिला प्रश्न, "सर, लिटरमागे किती सुटतात?" दुसरा, "रॉ मटेरियल कुठे स्वस्त मिळतं?" तिसरा, "फेस जास्त येण्यासाठी काय टाकायचं?" गॉगल कुठला घ्यायचा, हा प्रश्न मला एका बॅचमध्ये एखादाच माणूस विचारतो. तोही बहुतेक वेळा वाळूजच्या एखाद्या कंपनीत काम केलेला असतो. त्याला सेफ्टी ऑफिसरच्या शिव्या खाऊन सवय लागलेली असते.

यात चूक तुमची कमी आहे. चूक आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त आहे. "घरबसल्या फक्त ५ हजारात डिशवॉशचा बिझनेस" असे व्हिडिओ ढिगाने आहेत. बहुतेकांमध्ये शिकवणारा उघड्या हाताने पेस्ट काढतो, बादलीत वाकून ढवळतो आणि म्हणतो, "हे एकदम माइल्ड असतं, काही होत नाही." माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. बाटलीतला तयार माल माइल्ड असू शकतो. ड्रममधला कच्चा माल तसा नसतो. हा फरक ज्याला कळला नाही, त्याने बॅच लावू नये.

आज आपण याच फरकाबद्दल बोलू. मुख्य उदाहरण घेऊ एसएलईएसचं, म्हणजे सोडियम लॉरिल ईथर सल्फेट. तुमच्या भाषेत, ती पांढरट-पिवळसर घट्ट पेस्ट. डिशवॉश, हँडवॉश, शाम्पू, लिक्विड डिटर्जंट, कार वॉश अशा बहुतेक सगळ्या फेसाळ मालात ती असते.

माइल्ड म्हणजे कोणापेक्षा?

आधी ही पेस्ट येते कुठून ते बघा. पाम कर्नेल किंवा खोबरेल तेलापासून, नाहीतर पेट्रोलियमपासून, लॉरिल अल्कोहोल बनवतात. त्याला इथिलीन ऑक्साइड जोडतात, मग सल्फर ट्रायऑक्साइडची प्रक्रिया होते आणि शेवटी कॉस्टिकने आम्ल मारतात. हे काम मोठ्या बंद प्लांटमध्येच होतं. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे १९८० साली सुरू झालेली गॅलॅक्सी सरफॅक्टंट्स. तारापूर आणि तळोजा इथे त्यांचे कारखाने आहेत आणि जगातल्या मोठमोठ्या ब्रँडना त्यांचा माल जातो. त्यामुळे "नारळापासून बनलेलं आहे, म्हणजे नैसर्गिकच" हे म्हणणं अर्धवट आहे. सुरुवात नारळाची असली, तरी हातात येईपर्यंत त्याचं औद्योगिक रसायन झालेलं असतं.

मग याला माइल्ड का म्हणतात? कारण याचा मोठा भाऊ एसएलएस, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, याच्यापेक्षा जास्त तिखट आहे. एसएलएस इतका भरवशाचा त्रासदायक पदार्थ आहे की त्वचेवर मुद्दाम जळजळ घडवून अभ्यास करायचा असेल, तर संशोधक तोच वापरतात. इथिलीन ऑक्साइडची साखळी जोडल्यामुळे एसएलईएस त्वचेत कमी घुसतो, कमी चावतो. म्हणजे "माइल्ड" हा शब्द तुलनेचा आहे. ब्याडगी मिरची लवंगी मिरचीपेक्षा सौम्य असते, म्हणून कोणी ती डोळ्यात चोळत नाही.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. बाजारात पेस्ट साधारण ७० टक्क्यांची मिळते. पातळ मिळते ती २८ टक्क्यांच्या आसपास असते. आता हिशोब करा. १०० किलोच्या बॅचमध्ये तुम्ही १० किलो पेस्ट टाकली, तर तयार मालात ७ टक्के सक्रिय घटक आला. ड्रममध्ये मात्र त्याच्या १० पट. ग्राहकाच्या हाताला लागताना त्यात नळाचं पाणी मिसळतं, म्हणजे तो आणखी खाली येतो. तुमचा ग्राहक आणि तुम्ही एकच वस्तू हाताळत नाही. जाहिरातीतला "हातांसाठी सौम्य" हा शब्द ग्राहकासाठी लिहिलेला आहे. तो बनवणाऱ्यासाठी नाही.

डोळा, कातडी आणि पोट

एसएलईएसच्या सुरक्षा पत्रकात दोन इशारे ठळक असतात. एक, त्वचेला जळजळ. दोन, डोळ्याला गंभीर इजा. नुसती "चुरचुर" नाही, गंभीर इजा. युरोपातल्या वर्गीकरणात १० टक्के आणि त्यापुढचा एसएलईएस डोळ्याला गंभीर इजा करणाऱ्या वर्गात धरतात. ५ ते १० टक्क्यांना डोळ्याला त्रासदायक म्हणतात. आता मघाचा हिशोब परत बघा. १०० किलोला १५ किलो पेस्ट टाकून तुम्ही "सुपर कॉन्सन्ट्रेट" डिशवॉश विकलं, तर तयार मालच साडेदहा टक्क्यांवर गेला. मग तुमच्या बाटलीवरही डोळ्यांचा इशारा यायला हवा.

कातडीचं गणित सोपं आहे. सरफॅक्टंटचा रेणू एका टोकाने तेल पकडतो आणि दुसऱ्या टोकाने पाणी. कढईचा तेलकटपणा तो असाच काढतो. पण कढईवरचं तेल कोणतं आणि तुमच्या हातावरचं नैसर्गिक तेल कोणतं, हे त्याला कळत नाही. दोन्ही काढतो. एकदा हात लागला तर धुऊन टाका, विषय संपला. रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस लागला, तर कातडी कोरडी पडते, लाल होते, भेगा पडतात. त्या भेगांतून पुढचं रसायन, रंग, सुगंध आत जातो.

बचत गटाच्या एका ताई माझ्याकडे बाटल्या घ्यायला यायच्या. पैसे देताना त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं, सगळ्या पेरांवर चिरा. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अहो दादा, साबणाने कोणाचे हात जातात का? थंडीमुळे असेल." तो एप्रिल महिना होता. एप्रिलमध्ये संभाजीनगरात थंडी कुठली? त्यांनी सहा महिने उघड्या हाताने पेस्ट काढली होती. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी हात पूर्ण थांबवायला लावले. हात थांबले म्हणजे माल थांबला, माल थांबला म्हणजे ऑर्डर गेली. छोट्या धंद्यात मालकाचे हात हीच मशिनरी असते आणि तिचा विमा कोणी काढलेला नसतो.

तिसरं पोट. डिशवॉश कुणी, विशेषतः लहान मुलाने, प्यायलं तर घरातली माणसं पहिलं काय करतात? मिठाचं पाणी पाजून उलटी काढतात. हे अजिबात करू नका. उलटी होताना फेस वर येतो आणि श्वासनलिकेत, फुप्फुसात जाऊ शकतो. खरा धोका तिथे आहे. तोंड साध्या पाण्याने पुसून घ्या, बाटली किंवा लेबल सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. घाटी असो की जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८ लावा. "काय प्यायलं?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला "साबणाचं पाणी" हे उत्तर पुरत नाही, म्हणून लेबल लागतं.

डोळ्यात गेलं तर? चोळायचं नाही. पापण्या उघड्या धरून वाहत्या साध्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा धुवायचा. घड्याळ लावून १५ मिनिटं, अंदाजाने नाही. लेन्स असेल तर काढायची. मग डॉक्टर. आपल्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे मी सांगायला नको. म्हणून बॅच लावताना २० लिटर स्वच्छ पाण्याचा जार आणि मग शेडमध्ये हाताशी असलाच पाहिजे. तो जार डायल्युशनसाठी वापरायचा नाही. तो डोळ्यांसाठी राखून ठेवायचा.

त्याच शेडमधले बाकीचे पाहुणे

एसएलईएस एकटा कधीच नसतो. त्याच्या शेजारी काय काय ठेवलेलं असतं ते बघा.

ॲसिड स्लरी. भांड्यांचं स्वस्त लिक्विड आणि कपड्यांचं डिटर्जंट यात हीच असते. काळपट-तपकिरी, घट्ट. खूप जण एसएलईएस आणि स्लरी एकाच सवयीने हाताळतात. पण स्लरी हे ॲसिडच आहे आणि कातडी भाजते. अंगावर पडली तर लगेच भरपूर पाणी, कपडे काढून टाका. वर सोडा किंवा कॉस्टिक चोळून "मारायला" जाऊ नका, दुप्पट भाजेल.

कॉस्टिक सोडा. स्लरी न्यूट्रल करायला लागतो. पाण्यात टाकला की जबर उष्णता निघते. नियम एकच: आधी थंड पाणी घ्या, मग त्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. आणि घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन वायू निघतो, जो पेट घेतो. शेजारी गॅस पेटलेला असेल तर पुढचं मी सांगत नाही. प्लास्टिकची जाड बादली किंवा स्टेनलेस स्टील वापरा.

बिटेन, म्हणजे सीएपीबी. हा तर "एकदम बेबी माइल्ड" म्हणून विकला जातो. तरी अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली याला "ॲलर्जन ऑफ द इयर" ठरवलं होतं. त्यात राहिलेल्या अशुद्धींमुळे काही लोकांना ॲलर्जी येते. म्हणजे चांगला ग्रेड घेणं हा इथे सुरक्षेचाही प्रश्न आहे.

फॉर्मेलिन. माल नासू नये म्हणून काही जण आजही टाकतात, कारण स्वस्त आहे. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. बंद खोलीत त्याची बाटली उघडून वास घेत बसू नका. माझा सल्ला, ते आणूच नका. दुसरे प्रिझर्व्हेटिव्ह मिळतात, त्यांचा डोस पुरवठादाराकडून लेखी घ्या आणि त्याच्यावर जाऊ नका.

टॉयलेट क्लीनरचं ॲसिड आणि ब्लीच. एकाच शेडमध्ये दोन्ही बनवत असाल, तर एक मापटं, एक बादली, एक पंप दोघांना कधीच वापरू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. तो श्वास कोंडतो आणि जीव घेऊ शकतो.

काम कसं करायचं?

पेस्ट पाण्यात मिसळताना नवा माणूस हमखास अडकतो. पेस्टवर थोडं पाणी ओतलं की ती पातळ होण्याऐवजी आणखी घट्ट होते, गोळे पडतात. साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात एसएलईएस जेलीसारखा होतो, म्हणून असं होतं. मग माणूस वैतागून जोरात ढवळतो, शिंतोडे उडतात आणि थेट डोळ्यात जातात. उपाय सोपा: पूर्ण पाणी आधी घ्या, त्यात पेस्ट थोडी थोडी सोडा, हळू फिरवा. फेसही कमी येतो, वेळही वाचतो.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री गारठा पडला की पेस्ट दगडासारखी होते. मग लोक कॅन सरळ गॅसवर किंवा शेकोटीजवळ ठेवतात. हे करू नका. एका जागी जास्त तापलं की एसएलईएस फुटायला लागतो, आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचा माल आणखी वेगाने खराब करतं. झाकण घट्ट असेल तर आत दाबही वाढतो. झाकण सैल करा, कॅन गरम पाण्याच्या टबमध्ये ठेवा, तासाभरात पेस्ट नरम होते. मे महिन्यात उलटं काम: पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाला लागून ड्रम ठेवू नका, सावलीत ठेवा.

स्टिरर म्हणून अनेक जण ड्रिल मशिनला दांडा लावून वापरतात. ओले हात, ओली फरशी आणि मधे विजेची वायर. अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि ईएलसीबी बसवून घ्या. हा खर्च टाळायचा असेल, तर लाकडी दांड्याने हाताने ढवळा. चालेल.

सांडलं तर? पहिली इच्छा होते पाणी मारायची. त्याने फेस आणि घसरण दोन्ही वाढतं. आधी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, खरवडून गोळा करा, मग उरलेलं पुसा. या धंद्यात भाजण्यापेक्षा घसरून पडण्याची शक्यता रोजची आहे. रबरी तळाचे बूट घाला, स्लिपर नको.

एसएलएसची पावडर वापरणार असाल, तर मास्क लावाच. तिची धूळ नाकात-घशात गेली की शिंका आणि खोकला थांबत नाही. आणि पावडर मोजताना पंखा बंद!

रिकामा ड्रम आणि जुनी बाटली

आता आपल्या शहराची खास गोष्ट. इथे निळ्या ड्रमला मागणी कायम असते, कारण घरोघरी पाणी साठवावं लागतं. तुमचा रिकामा ड्रम घ्यायला शेजारी रांग लावतील, चार पैसेही मिळतील. एसएलईएसचा ड्रम दहा वेळा धुतला तरी तुमच्या अंदाजाने "स्वच्छ" झाला, इतकंच. स्लरीचा किंवा फॉर्मेलिनचा असेल, तर विचारच नको. ड्रमवर काय होतं, हे तिसऱ्या मालकाला कधीच कळत नाही. माझं मत कडक आहे: पिण्याच्या पाण्यासाठी ड्रम द्यायचा नाही, भावाने मागितला तरी नाही. पुरवठादाराला परत करा. तो घेत नसेल तर ड्रमला भोकं पाडून भंगारात द्या.

दुसरं, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या. लिंबाचा रंग, लिंबाचा वास, कोल्ड्रिंकची बाटली. चार वर्षांच्या पोराने ते सरबत समजू नये, तर काय समजावं? सुट्टं लिक्विड स्वस्तात विकायचं म्हणून ही बाटली वापरणारे खूप आहेत. नवी बाटली थोडी महाग पडते, मान्य. तेवढे पैसे किमतीत लावा. ग्राहक रिकामी बाटली घेऊन दारात आला तर त्यात भरून देऊ नका, तुमच्या लेबलची बाटली द्या.

तिसरं, धुतलेलं पाणी. ड्रम आणि बादल्या धुऊन निघणारं फेसाळ पाणी नाल्यात सोडलं की ते खाम नदीच्या दिशेने जातं आणि खाम पुढे गोदावरीला मिळते. एसएलईएस निसर्गात लवकर विघटन पावतो हे खरं, पण विघटन होईपर्यंत तो मासे आणि पाण्यातल्या जिवांना घातक असतो. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस तुम्ही बातम्यांत बघितला असेल. तिथे सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी, अनेक कारणं एकत्र आहेत. पण एकेका शेडचं बादलीभर पाणी मिळूनच नाला भरतो. १९५०-६०च्या दशकात अमेरिका आणि युरोपात नद्यांवर डिटर्जंटच्या फेसाचे डोंगर उभे राहिले, तेव्हा कंपन्यांना न कुजणारं जुनं रसायन सोडून विघटन होणाऱ्या रसायनाकडे जावं लागलं. आपण काय करू शकतो? पहिलं धुतलेलं पाणी त्याच दिवशी त्याच मालाच्या पुढच्या बॅचमध्ये घ्या. साठवून ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. माल वाचतो आणि नालाही.

"एवढं सगळं केलं तर मार्जिन काय राहणार?"

हा प्रश्न येणारच, म्हणून हिशोबच मांडू. बंद बाजूंचा गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, प्लास्टिकचा ॲप्रन, मास्कचं पाकीट. साधारण १००० रुपये धरा. पहिल्या ५०० बाटल्यांवर वाटला तर बाटलीमागे २ रुपये. पुढच्या ५०० बाटल्यांना फक्त हातमोजे बदलायचे. लोगोवर, रिबनवर, उद्घाटनाच्या पेढ्यांवर यापेक्षा जास्त खर्च होतो आणि तिथे कोणी मार्जिनचा प्रश्न काढत नाही.

"आमच्या आईने वर्षानुवर्षं केलं, काही झालं नाही" असंही ऐकतो. आईने रिठा, शिकेकाई आणि चुलीतली राख वापरली. ७० टक्क्यांची पेस्ट नाही.

आणि "ही काळजी मोठ्या कंपन्यांनी करायची" असं म्हणणारे. उलट आहे, मित्रांनो. मोठ्या कंपनीत बंद पाइपलाइन आहे, आय वॉश स्टेशन आहे, डॉक्टर आहे. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. शिवाय तुमचं शेड बऱ्याचदा स्वयंपाकघराला लागून असतं. म्हणून काळजी तुम्ही जास्त घ्यायची आहे. निदान एक करा: कच्चा माल कुलूपबंद ठेवा आणि बॅच लावताना मुलं त्या खोलीत नकोत.

कागद मागायला लाजू नका

पुरवठादाराकडून दोन कागद घ्या. पहिला, सुरक्षा पत्रक, ज्याला एसडीएस म्हणतात. जगभर याचे १६ भाग ठरलेले आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल, तर पाच वाचा: भाग २ धोके, भाग ४ प्रथमोपचार, भाग ६ सांडल्यास काय, भाग ७ हाताळणी आणि साठवण, भाग ८ कोणते हातमोजे-गॉगल. इंग्रजी अवघड वाटत असेल तर शाळेतल्या मुलीला सोबत बसवा, मोबाइलवर भाषांतर करा, मराठीत एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

दुसरा, बॅचचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे सीओए. त्यात सक्रिय घटकाची टक्केवारी, पीएच आणि १,४-डायऑक्सेन किती, हे बघा. हा डायऑक्सेन एसएलईएस बनवताना नकळत तयार होतो. कर्करोगाच्या दृष्टीने तो "शक्यता असलेला" पदार्थ मानला जातो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने घरगुती क्लीनिंग मालात त्याची मर्यादा आधी २ पीपीएम आणि २०२३ संपताना १ पीपीएमवर आणली. चांगला कारखाना तो कमी करून देतो. "रिपोर्ट मिळणार नाही, घ्यायचं तर घ्या" म्हणणाऱ्याकडून किलोमागे ५ रुपये वाचवण्यात अर्थ नाही. जुनं लेबल फाडलेला, हाताने "एसएलईएस" लिहिलेला कॅन तर दुकानातच ठेवा.

आणि परवाने. उद्यम नोंदणी झाली म्हणजे बनवायचा परवाना मिळाला, असं नाही. डिशवॉश, फरशी क्लीनर वेगळे. पण शाम्पू, फेसवॉश, हँडवॉश अशी अंगाला लावायची वस्तू बनवायची असेल, तर ते कॉस्मेटिकमध्ये येतं. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जागा-यंत्रणा नसेल तर परवानाधारक कारखान्याकडून आपल्या ब्रँडने माल बनवून घ्या, हा सरळ रस्ता आहे. पॅकबंद मालावर लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे नाव-पत्ता, वजन किंवा माप, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं हवं. प्रदूषण मंडळाची संमती लागते का, हे शेड घेण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. नंतर नाही.

आणि ते "१०० टक्के केमिकल-फ्री" लेबलवर लिहू नका. एसएलईएस टाकून केमिकल-फ्री लिहिणं म्हणजे ग्राहकाला फसवणं आहे. त्याऐवजी लिहा, "मुलांपासून दूर ठेवा. डोळ्यात गेल्यास १५ मिनिटे पाण्याने धुवा व डॉक्टरांना दाखवा." हे वाक्य छापायला वेगळा पैसा लागत नाही. उलट हॉटेल, शाळा, हॉस्पिटल असे मोठे ग्राहक आधी हेच बघतात आणि एसडीएस मागतात. ज्याच्याकडे कागद तयार, ऑर्डर त्याची.

धंदा करा, जरूर करा. भांडी रोज घासली जातात, मागणी कमी होणार नाही. फक्त खरेदीच्या यादीत क्रम बदला: पहिल्या ओळीवर गॉगल आणि हातमोजे, दुसऱ्या ओळीवर पाण्याचा जार, तिसऱ्या ओळीवर पेस्ट. पुढच्या व्हिडिओत आपण एका खऱ्या एसएलईएसच्या एसडीएसचे हे पाच भाग ओळीने मराठीत वाचणार आहोत. त्याआधी तुमच्या पुरवठादाराला आजच फोन करून तुमच्या मालाचं पत्रक मागवून ठेवा, म्हणजे व्हिडिओ बघताना ते हातात असेल.